गेलेलं पॅकेट परततं कुठून? हायब्रिड क्लाउडमधलं वाकडं राउटिंग शोधताना

पणजीहून बेतीला जायला दोन वाटा आहेत. गाडी काढून मांडवीच्या पुलावरून जा, नाहीतर फेरीबोटीत चढा. सकाळी पुलावरून गेलेला माणूस संध्याकाळी फेरीने परतला तर कुणाचं काही बिघडत नाही. पण समजा, पणजीच्या धक्क्यावर एक पहारेकरी बसवला आणि त्याला बजावलं, की ज्याला जाताना तू पाहिलं नाहीस त्याला आत घ्यायचं नाही. आता पुलावरून गेलेला माणूस फेरीने आला, की धक्क्यावरच अडकणार. माणूस तोच, घर त्याचंच, पण पहारेकऱ्याच्या वहीत त्याचं जाणं लिहिलेलं नाही.

ऑफिसमधलं नेटवर्क आणि क्लाउड यांना दोन वाटांनी जोडलं की नेमका हाच प्रकार होतो. पहारेकरी म्हणजे फायरवॉल. वेर्णा, फोंडा, पर्वरी या भागातल्या कंपन्यांच्या क्लाउड जोडण्या सांभाळताना मी नव्या मुलांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत आलो आहे: जाणं आणि येणं हे दोन वेगळे प्रवास आहेत आणि ते दोन वेगळे राउटर ठरवतात. जाण्याची वाट तुमचा राउटर ठरवतो, येण्याची वाट क्लाउडचा. म्हणून बिघाड शोधताना परतीची वाट आधी बघायची.

पहिली पायरी: तक्रार नेमकी कोणती?

"ट्रॅफिक नीट जात नाही" या एका वाक्यात दोन अगदी वेगळे आजार लपलेले असतात. पहिल्यात पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा गठ्ठा, एका लाइनने जातं आणि उत्तर दुसऱ्या लाइनने येतं. त्याची लक्षणं म्हणजे जोडणी होतच नाही, लॉगिन अडकतं, काहींचं चालतं आणि काहींचं नाही. दुसऱ्यात वाटा बरोबर असतात, पण एक लाइन तुडुंब आणि दुसरी रिकामी. इथे सगळं चालतं, फक्त रखडत चालतं.

हे दोन आधी वेगळे करा, कारण एकाचा उपाय दुसऱ्याला बाधतो. रिकाम्या लाइनवर भार टाकण्यासाठी दोन्ही वाटा समान केल्या, की उत्तर कुठल्या वाटेने येईल यावरचा ताबा सुटतो. मग जिथे फक्त गती कमी होती, तिथे जोडण्या तुटायला लागतात.

तक्रार घेताना पाच गोष्टी लिहून घ्या: कुठल्या आयपीवरून, कुठल्या आयपीकडे, कुठला प्रोटोकॉल, कुठला पोर्ट, आणि किती वाजता. "सर्व्हर पडलाय" एवढ्यावर काम सुरू करू नका. वेर्ण्याच्या एका कारखान्यात गोदामातले लोक म्हणत होते सर्व्हर बंद आहे, आणि त्याच वेळी त्याच आवारातल्या ऑफिसमध्ये तोच सर्व्हर व्यवस्थित चालत होता. अशी अर्धी तक्रार आली की मला बरं वाटतं. सर्व्हर खरंच पडला असता तर सगळ्यांनाच पडला असता. एका सबनेटचं (नेटवर्कच्या एका तुकड्याचं) चालतं आणि दुसऱ्याचं नाही, म्हणजे राउटिंगकडे बोट दाखवणारी खूण तुम्हाला आयतीच मिळाली.

दुसरी पायरी: कागद आणि दोन रंगांची पेनं

ही पायरी गाळायचा मोह प्रत्येकाला होतो. गाळू नका. कागदाच्या डाव्या बाजूला आपलं नेटवर्क काढा, उजव्या बाजूला क्लाउड. मध्ये जेवढ्या वाटा असतील तेवढ्या रेघा. लीज लाइनवरची, म्हणजे भाड्याच्या स्वतंत्र लाइनवरची, अमेझॉनची डायरेक्ट कनेक्ट किंवा मायक्रोसॉफ्टच्या अझ्युरची एक्सप्रेसरूट, ब्रॉडबँडवरचे व्हीपीएन टनेल (इंटरनेटमधूनच जाणारी बंदिस्त वाट), कुठे एखादी जुनी एमपीएलएस (टेलिकॉम कंपनीची खासगी जोडणी) असेल तर तीही. प्रत्येक रेघेवर फायरवॉल कुठे बसतो ते दाखवा. मग निळ्या पेनाने जाण्याची वाट आणि लाल पेनाने येण्याची वाट.

लाल रेघ काढताना हात थांबतो. थांबला पाहिजे. तिथे अंदाजाने रेघ मारू नका, प्रश्नचिन्ह लिहा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या प्रश्नचिन्हाचं उत्तर शोधण्यासाठी आहेत.

याच कागदावर आणखी एक टीप करा: दोन्ही लाइन खरोखर वेगळ्या रस्त्याने येतात का? बेळगावला जायला चोर्लाघाट आहे आणि अनमोडघाटही आहे, एक बंद झाला तरी दुसरा उरतो. पण दोन कंपन्यांची फायबर एकाच महामार्गाच्या कडेने, एकाच चरातून आली असेल तर रुंदीकरणाचं एक यंत्र दोन्ही लाइन एकदम तोडतं. सेवा देणाऱ्याला हा प्रश्न लेखी विचारा.

तिसरी पायरी: दोन्ही टोकांची राउटिंग टेबलं वाचा

इथे वेळ द्या. दहापैकी आठ वेळा तरी मला उत्तर याच पायरीवर मिळालं आहे.

सगळ्यात आधी लक्षात ठेवायचा नियम असा, की जास्त नेमका प्रीफिक्स नेहमी जिंकतो. प्रीफिक्स म्हणजे आयपींचा गट, आणि तिरक्या रेघेनंतरचा आकडा जेवढा मोठा तेवढा गट लहान आणि नेमका. १०.२०.०.०/१६ एका लाइनवर जाहीर असेल आणि १०.२०.४.०/२४ दुसऱ्या लाइनवर, तर १०.२०.४ मधल्या प्रत्येक मशीनकडे येणारं उत्तर दुसऱ्याच लाइनने येईल. पहिली लाइन कितीही जलद असो, तिचं प्राधान्य कितीही वाढवा, काही फरक पडत नाही. प्राधान्याची तुलना प्रीफिक्स अगदी सारखा असेल तेव्हाच होते.

वेर्ण्याच्या त्या गोदामाचं दुखणं हेच होतं. लीज लाइन यायच्या आधी कुणीतरी चाचणीसाठी गोदामाचा /२४ व्हीपीएनवर जाहीर केला होता आणि तो तसाच राहून गेला. गोदामातून विनंती लीज लाइनने जायची, क्लाउड उत्तर टनेलने पाठवायचा, आणि टनेलच्या तोंडाशी बसलेला दुसरा फायरवॉल ते टाकून द्यायचा, कारण जोडणी सुरू करणारं पहिलं पॅकेट, म्हणजे सिन, त्याने पाहिलेलंच नव्हतं. पिंग मात्र जात होता, कारण त्या फायरवॉलवर पिंगला दोन्ही दिशांनी मोकळीक देणारा नियम होता. "पिंग चालतो म्हणजे नेटवर्क ठीक आहे" या समजुतीपायी तिथे दोन दिवस सर्व्हरच्या टीमने सर्व्हर तपासला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

म्हणून तुमच्या राउटरवर दोन याद्या काढा: प्रत्येक शेजाऱ्याला (लाइनच्या पलीकडच्या राउटरला) आपण काय जाहीर करतो आणि प्रत्येक शेजाऱ्याकडून आपल्याला काय मिळतं. क्लाउडच्या बाजूने अमेझॉनवर ट्रान्झिट गेटवेचं (क्लाउडमधल्या मध्यवर्ती राउटरचं) आणि सबनेटचं राउट टेबल बघा, अझ्युरवर मशीनच्या नेटवर्क कार्डाचे इफेक्टिव्ह रूट्स बघा. दोन्ही याद्या शेजारी ठेवून प्रीफिक्सची लांबी ओळीने ताडा.

प्रीफिक्स सारखे निघाले तर पुढचा प्रश्न प्राधान्याचा. राउटर एकमेकांना वाटा कळवतात त्या बीजीपी प्रोटोकॉलमध्ये नेहमी लागणारा क्रम असा: लोकल प्रेफरन्स (आपण दिलेलं प्राधान्य) ज्याचा मोठा तो जिंकतो, बहुतेक राउटरवर तो मुळात १०० असतो. तो सारखा असेल तर एएस पाथ, म्हणजे वाटेतल्या नेटवर्कांच्या क्रमांकांची यादी, ज्याचा आखूड तो. मग ओरिजिन (रूट बीजीपीत कसा आला त्याची खूण), आणि त्यानंतर मेड (शेजाऱ्याने सुचवलेला आकडा), ज्यात लहान आकडा जिंकतो. सिस्कोच्या राउटरवर या सगळ्याच्या आधी वेट येतो, पण तो त्या एका राउटरपुरताच असतो.

आता नवख्यांना हमखास चकवणारी गोष्ट. प्रीफिक्स सारखाच असेल तर अमेझॉन व्हीपीएनपेक्षा डायरेक्ट कनेक्टला आधी निवडतो, आणि अझ्युर व्हीपीएनपेक्षा एक्सप्रेसरूटला. तुमच्या राउटरला मात्र यातलं काही ठाऊक नसतं. त्याच्या दृष्टीने दोन्ही बीजीपीचे शेजारी सारखेच. त्याने एखाद्या किरकोळ फरकावरून टनेल निवडलं, तर जाणं टनेलने आणि येणं लीज लाइनने, अशी उलटी गंमत होते. क्लाउडने योग्य तेच केलेलं असतं, दुरुस्ती आपल्याकडे करायची असते.

आणखी एक सापळा म्हणजे विसरलेला स्टॅटिक रूट. सिस्कोवर स्टॅटिक रूटचं अंतर १ आणि बाहेरच्या बीजीपीचं २० धरलं जातं, आणि लहान अंतर जिंकतं. म्हणजे त्याच प्रीफिक्सचा कधीकाळी हाताने टाकलेला रूट बीजीपीला गप्प बसवतो. राउटरच्या कॉन्फिगरेशनमध्ये स्टॅटिक रूटच्या ओळी एकदा शोधाच, आणि प्रत्येकीसमोर तिचं कारण लिहिता येतं का ते बघा.

चौथी पायरी: पॅकेट डोळ्यांनी पाहा

टेबलावरून जे वाटलं ते पॅकेटने सिद्ध झालं पाहिजे.

ट्रेसरूट, म्हणजे वाटेतले राउटर ओळीने दाखवणारी आज्ञा, फक्त जाण्याची वाट दाखवतो. हे अनेकांना माहीतच नसतं. म्हणून तो दोन्ही टोकांवरून चालवा: गोदामातून क्लाउडच्या मशीनकडे, आणि क्लाउडच्या मशीनवरून गोदामाकडे. शक्य असेल तर ज्या पोर्टची तक्रार आहे त्याच टीसीपी पोर्टवर चालवा, कारण फायरवॉलचे नियम पोर्टनुसार बदलतात.

पिंगच्या वेळेवरूनही एक खूण मिळते. फायबरमध्ये प्रकाशाला १००० किलोमीटरला साधारण ५ मिलिसेकंद लागतात. पणजी ते मुंबई रस्त्याने ६०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन येऊन ६ मिलिसेकंदांच्या खाली काही येणार नाही, प्रत्यक्षात त्याहून जास्तच दिसेल. आता समजा, पूर्ण लीज लाइनने जाऊन येणारा पिंग १४ मिलिसेकंद दाखवतो आणि पूर्ण टनेलने जाऊन येणारा ३८. तक्रार असलेल्या मशीनवरून २६ दिसला, तर अर्धा प्रवास एका वाटेने आणि अर्धा दुसऱ्या वाटेने होत असल्याचा दाट संशय घ्यायला हरकत नाही. हा पुरावा नव्हे, पण कुठे बघायचं ते कळतं.

पुरावा टीसीपीडम्प, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेटं पकडून दाखवणारं साधन, देतो. एकाच वेळी तीन ठिकाणी पकड लावा: तक्रार करणाऱ्या मशीनवर, लीज लाइनच्या फायरवॉलवर आणि टनेलच्या फायरवॉलवर. फिल्टर एकाच जोडणीपुरता ठेवा, नाहीतर ढिगाऱ्यात हरवाल. मशीनवर तेच सिन पॅकेट एक, दोन, चार सेकंदांच्या वाढत्या अंतराने पुन्हा पुन्हा जाताना दिसेल. लीज लाइनवर सिन बाहेर जाताना दिसेल, उत्तर दिसणार नाही. आणि टनेलवर एकटंच सिन-अॅक, म्हणजे सिनचं उत्तर, येताना दिसेल. एवढं दिसलं की वाद संपला. फायरवॉलच्या लॉगमध्येही जोडणीचं पहिलंच पॅकेट सिन नसल्याने टाकून दिलं, अशा अर्थाची नोंद सापडेल.

क्लाउडचे फ्लो लॉगही (कुणी कुणाशी बोललं त्याच्या नोंदी) उघडा. सर्व्हरपर्यंत विनंती पोचली आणि सर्व्हरने उत्तर दिलं, एवढं त्यातून ठरतं. उत्तर कुठल्या लाइनने निघालं हे त्यातून थेट कळेलच असं नाही, पण सर्व्हरच्या टीमला मोकळं करता येतं.

लिनक्सचं मशीन राउटर म्हणून बसवलं असेल तर आरपी फिल्टर, म्हणजे आलेल्या पॅकेटची परतीची वाट तपासणारी सेटिंग, तिची किंमत बघा. ती १ असेल तर ज्या वाटेने मशीनने स्वतः उत्तर पाठवलं नसतं त्या वाटेने आलेलं पॅकेट ते गुपचूप टाकतं, फायरवॉलच्या लॉगमध्ये नोंदही न करता. २ म्हणजे ढिली तपासणी, ० म्हणजे तपासणीच नाही.

पाचवी पायरी: दुरुस्ती, योग्य टोकावर

जाण्याची वाट बदलायची असेल तर काम सोपं आहे, निर्णय आपलाच आहे. मुख्य लाइनवरून आलेल्या रूटना लोकल प्रेफरन्स वाढवून द्या, उदाहरणार्थ २००, आणि टनेलवरचे १०० वर राहू द्या.

येण्याची वाट बदलायची तर आपण फक्त विनंती करू शकतो, कारण निर्णय समोरच्याचा. त्यातला पहिला आणि सर्वांत सरळ मार्ग म्हणजे दोन्ही लाइनवर अगदी सारखेच प्रीफिक्स जाहीर करणं. गोदामाचं दुखणं टनेलवरचा तो /२४ काढून तिथेही /१६ जाहीर केल्यावर लगेच थांबलं. त्याने भागत नसेल तर दुय्यम लाइनवर आपला एएस क्रमांक दोनतीनदा जोडून पाथ लांबवा. अमेझॉनच्या दोन डायरेक्ट कनेक्ट लाइन असतील तर आपल्या रूटना ७२२४:७३०० ही कम्युनिटी (रूटला चिकटवायची खूण) लावून उच्च प्राधान्य आणि ७२२४:७१०० लावून कमी प्राधान्य मागता येतं, आणि त्यांच्याकडे ती एएस पाथच्या आधी तपासली जाते. एक्सप्रेसरूटच्या एका सर्किटमध्ये मुळातच दोन जोडण्या असतात आणि दोन्ही चालू धरलेल्या असतात. तिथे एकीवर पाथ लांबवलात तर ती राखीव होऊन बसेल, हे जाणूनच करा.

प्रीफिक्स बारीक चिरून प्रश्न सोडवायचा मोह टाळा. अमेझॉनच्या खासगी व्हर्च्युअल इंटरफेसवर (डायरेक्ट कनेक्टवरच्या खासगी जोडणीवर) आपल्याकडून १०० पेक्षा जास्त रूट जाहीर झाले की ते बीजीपी सेशनच खाली जातं, आणि मग सगळा भार टनेलवर येऊन कोसळतो. शक्य तेवढे रूट एकत्र करून पाठवा.

फायरवॉलवर असममित, म्हणजे जाण्यायेण्याच्या वाटा वेगळ्या असलेलं, ट्रॅफिक सोडून देणारं एक बटण बऱ्याच कंपन्या देतात. ते दाबलं की तक्रार लगेच बंद होते, आणि पहारेकऱ्याची वहीसुद्धा. बिघाड नक्की काय आहे ते पाहायला पाच मिनिटं दाबायचं असेल तर दाबा, पण कायमचा उपाय म्हणून मी ते कधीही वापरू देणार नाही. त्याऐवजी एक रास्त उपाय आहे: एकाच व्हीपीएनचे दोन टनेल एकाच फायरवॉलवर संपत असतील तर दोन्ही इंटरफेस फायरवॉलच्या एकाच झोनमध्ये (एकाच नियमगटात) ठेवा. मग एका टनेलने गेलेल्याचं उत्तर दुसऱ्याने आलं तरी अनेक फायरवॉल त्याला त्याच सेशनचं मानतात.

पहारेकरी क्लाउडच्या आतही असतात. ट्रान्झिट गेटवेमागे अमेझॉनच्या दोन अव्हेलेबिलिटी झोनमध्ये (वेगवेगळ्या डेटा सेंटरांत) फायरवॉल बसवले असतील तर त्या व्हीपीसीच्या (क्लाउडमधल्या आपल्या खासगी नेटवर्कच्या) जोडणीवर अप्लायन्स मोड, म्हणजे जाणं-येणं एकाच फायरवॉलमधून ठेवणारी सेटिंग, चालू करा. नाहीतर जाणं एका झोनच्या फायरवॉलमधून आणि येणं दुसऱ्या झोनच्या, असं होतं. अझ्युरवर नेहमीची चूक वेगळी: मशीनच्या सबनेटवर फायरवॉलकडे नेणारा रूट टाकतात आणि गेटवे सबनेटवर टाकायला विसरतात. ऑफिसमधून आलेलं पॅकेट थेट मशीनकडे जातं, उत्तर मात्र फायरवॉलकडे वळतं आणि तिथे मरतं.

भार एकाच लाइनवर पडत असेल तर

आता दुसरा आजार. राउटर दोन समान वाटांवर ट्रॅफिक वाटतो तेव्हा पॅकेट मोजून वाटत नाही. दोन आयपी, दोन पोर्ट आणि प्रोटोकॉल यांचा हिशेब करून प्रत्येक जोडणीला एक वाट नेमून देतो, आणि ती जोडणी संपेपर्यंत त्याच वाटेने राहते. शेकडो लोक काम करत असतील तर वाटणी बरी होते. रात्रीचा बॅकअप एकाच जोडणीने जात असेल तर तो अख्खा एका लाइनवर जाणार, दुसरी कितीही रिकामी असली तरी. यात बिघाड काही नाही.

खात्री करायची असेल तर आयपर्फ ३ हे गती मोजायचं साधन आधी एका जोडणीने चालवा, मग समांतर आठ जोडण्यांनी. आठांनी दोन्ही लाइन भरल्या तर वाटणी ठीक आहे, बॅकअपच्या सॉफ्टवेअरला समांतर जोडण्या वापरायला सांगा. आठांनीही एकच लाइन भरली तर वाटणीच चालू नाही. अमेझॉनच्या व्हर्च्युअल प्रायव्हेट गेटवेवर (एका व्हीपीसीच्या प्रवेशद्वारावर) व्हीपीएनची अशी वाटणी होत नाही, त्यासाठी ट्रान्झिट गेटवे लागतो, आणि तिथेही बीजीपी लागतं, स्टॅटिक रूटवर चालत नाही. नेहमीच्या एका टनेलची कमाल क्षमता १.२५ गिगाबिट धरून हिशेब करा.

१ गिगाबिटची लीज लाइन आणि १०० मेगाबिटचं ब्रॉडबँड यांच्यात समान वाटणी कधीच करू नका. लहान लाइन गुदमरते आणि तिच्यावर पडलेल्या अर्ध्या लोकांची तक्रार येते. तिथे एक मुख्य, एक राखीव, हेच बरोबर.

एक तोतया आजारही ओळखून ठेवा. जोडणी होते, लॉगिनचं पान उघडतं, पण मोठी फाइल पाठवताना अडकतं, तेही फक्त टनेलने जाताना. हे राउटिंग नव्हे, पॅकेटचा आकार आहे. टनेलचं वेष्टन चढल्यावर १५०० बाइटमध्ये आतल्या पॅकेटला जागा कमी उरते. टनेलच्या इंटरफेसवर टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा) १३५० च्या आसपास बांधून द्या आणि पुन्हा पाहा.

शेवटची पायरी: लाइन मुद्दाम तोडून पाहा

जून लागायच्या आधी हे करा, पावसात फायबर तुटल्यावर नव्हे. कामाची वेळ संपल्यावर, संबंधितांना कळवून, मुख्य लाइनचं बीजीपी सेशन बंद करा आणि घड्याळ लावा. दोन्ही दिशा टनेलवर आल्या का, ते दोन्ही टोकांवरून ट्रेसरूटने बघा. चालू जोडण्या या वेळी तुटणार, कारण दुसऱ्या फायरवॉलच्या वहीत त्या नाहीत. नव्या जोडण्या लागायला हव्यात.

मग हीच चाचणी सेशन बंद न करता करा: मधल्या स्विचपलीकडची केबल काढा. आपला पोर्ट चालूच दिसतो, आणि राउटरला लाइन गेल्याचं होल्ड टाइम, म्हणजे शेजाऱ्याच्या निरोपाची वाट पाहायची मुदत, संपल्यावरच कळतं. अमेझॉनकडे तो ९० सेकंद असतो. तेवढा वेळ पॅकेटं अंधारात जातात. यावर बीएफडी, म्हणजे लाइन जिवंत आहे का हे भराभर तपासणारा प्रोटोकॉल, हा उपाय आहे. ३०० मिलिसेकंदांचे तीन ठोके चुकले की एका सेकंदाच्या आत लाइन गेल्याचं कळतं. अमेझॉनच्या बाजूने तो चालूच असतो, पण आपल्या राउटरवर लावल्याशिवाय कामाला लागत नाही.

लाइन परत जोडल्यावर उठून जाऊ नका. ट्रॅफिक दोन्ही दिशांनी मुख्य वाटेवर परतलं का ते बघा. जाणं परततं आणि येणं टनेलवरच राहतं, असंही मी पाहिलं आहे. ते झालं की मघाचा कागद काढा, प्रश्नचिन्ह खोडून लाल रेघ पक्की करा, तारीख घाला आणि रॅकच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.